मे महिन्यातलं सीताफळ

या पुस्तकाचं काम चालू असताना मे महिन्यात एका लग्नाला गेलो होतो. जेवणं उरकत आली होती. आत्याने विचारलं, "सध्या काय लिहितोयस?" म्हटलं, गोठवलेल्या फळांवर लिहितोय. आत्या अठ्ठ्याहत्तर वर्षांची. माहेर मालवणचं, संसार पुण्यात. तिने नाक मुरडलं. "फ्रोझन? अरे, बर्फातली मढी ती. मी असलं काही तोंडात घालत नाही." हे बोलताना तिच्या हातात सीताफळ रबडीची वाटी होती. दुसरी.

सीताफळाचा हंगाम साधारण ऑगस्टपासून नोव्हेंबर-डिसेंबरपर्यंतचा. लग्नाच्या त्या दिवशी पुरंदरातल्या, पावसाच्या भरवशावर असलेल्या बागांना फळं सोडाच, पानंही धड फुटलेली नव्हती. म्हणजे आत्याच्या वाटीतला गर निदान पाच-सहा महिने कुठल्यातरी शीतगृहात गोठून पडला होता. मी तसं तिला सांगितलं. ती जराही गडबडली नाही. "मला काय कळत नाही होय? पण हे सीताफळ आहे. फ्रोझन म्हणजे ते वाटाणे."

या एका उत्तराने माझं निम्मं काम केलं. गोठवलेलं जे आपल्याला आवडतं, त्याला आपण फ्रोझन म्हणतच नाही. बारा महिने मिळणारं सीताफळ आइस्क्रीम, दिवाळीत मिळणारं जांभळाचं आइस्क्रीम, उन्हाळी लग्नातली रबडी हे सगळं आपण त्या त्या पदार्थाच्या खात्यावर जमा करतो. जे बिघडलं, पाणचट झालं, ज्याला फ्रीझरचा वास लागला, तेवढंच फ्रोझनच्या नावावर मांडतो. खातेवहीच अशी ठेवली तर फ्रोझन कायम तोट्यातच दिसणार.

आत्याच्या 'मढी'मागे अर्थातच मासळीबाजार आहे. किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाला 'बर्फातला' हा शब्द शिवीसारखा वाटतो, आणि त्याचं कारण खरं आहे. बर्फात ठेवलेला मासा गोठलेला नसतो. तो शून्याच्या आसपास गार असतो आणि हळूहळू खराब होतच असतो. बर्फ त्याचा वेग तेवढा कमी करतो. गार ठेवणं आणि गोठवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बोलताना मात्र आपण दोन्ही एकाच पिशवीत भरतो. शेतकरीसुद्धा 'माल कोल्ड स्टोरेजला टाकला' असं म्हणतो तेव्हा पुढचा प्रश्न विचारावा लागतो: अधिक दोन अंशांवर की उणे अठरावर?

भाषेचाही यात हात आहे. फळ टिकवण्यासाठी मराठीत क्रियापदांची कमी नाही. आपण सुकवतो, खारवतो, मुरवतो, आटवतो, पाकवतो. कोकमाची आमसुलं होतात, वसईच्या केळ्यांची सुकेळी, आंब्याची साठं, फणसाची पोळी, कैरीचा मुरांबा. ऊन, मीठ, साखर, तेल आणि विस्तव एवढ्या भांडवलावर हे सगळं उभं आहे. गोठवणं या यादीत नाही, कारण बर्फ आपल्या हवामानात कधी पडलाच नाही. थंडीत खोबरेल बाटलीत थिजतं, तूप थिजतं. पाणी गोठलेलं आपल्यापैकी बहुतेकांनी पहिल्यांदा पाहिलं ते फ्रीजच्या ट्रेमध्ये. त्याआधी आपल्या भाषेत गोठायचं ते रक्त, तेही भीतीने. मुंबईत १८३४ च्या सुमारास अमेरिकेहून जहाजाने आलेला बर्फ विकला जाऊ लागला, तेव्हा तो श्रीमंतांच्या मेजवानीतला चमत्कार होता. फळ टिकवायला तो आपल्या स्वयंपाकघरात पोचायला त्यानंतर शंभराहून जास्त वर्षं लागली.

या जुन्या क्रियापदांकडे नीट पाहिलं तर आणखी एक गोष्ट दिसते. त्यातलं प्रत्येक क्रियापद फळाचं दुसरंच काहीतरी करतं. आमसूल म्हणजे कोकम नव्हे. मुरांबा खाताना 'कैरीची चव राहिली नाही' अशी तक्रार कोणी करत नाही, कारण मुरांब्याने कैरी असल्याचा दावाच केलेला नसतो. गोठवणारा मात्र म्हणतो की हे तेच फळ आहे, तसंच आहे, फक्त महिना वेगळा आहे. इतका मोठा शब्द दुसऱ्या कुठल्याच पद्धतीने दिलेला नाही, म्हणून गोठवलेल्या फोडीची परीक्षाही सगळ्यांत कडक होते. ती परीक्षा योग्यच आहे असं माझं मत आहे. गोठवलेलं फळ कधी त्या शब्दाला जागतं आणि कधी जागत नाही, हे सांगण्यासाठीच हे पुस्तक आहे.

सुरुवात सीताफळापासून करतो, कारण या फळाला दुसरा वालीच नाही.

सीताफळाच्या खवल्यांमधल्या खाचा रुंदावून पिवळसर दिसू लागल्या की बागेत म्हणतात, डोळे उघडले. डोळे उघडलेलं फळ उतरवलं की दोन-तीन दिवसांत मऊ पडतं, आणि मऊ पडलं की त्याच दिवशी खायचं. पेटीत वरच्या फळाच्या ओझ्याने खालचं फुटतं. पूर्ण फळ फ्रीजमध्ये ठेवावं तर साल काळी पडते. केळ्यासारखंच हे फळ गारठा सोसत नाही. सुकवावं तर हाताला काही लागत नाही. डबाबंद करावं, तर त्यासाठी गर तापवावा लागतो आणि सीताफळाचा गर तापवला की कडवट होतो. हे शास्त्रज्ञांच्या आधी घरच्या बायकांना माहीत होतं. बासुंदी पूर्ण गार झाल्यावरच तिच्यात सीताफळ घालायचं, हा नियम त्यातूनच आला. शिवाय गर उघडा राहिला की त्याचा रंग बदलतो. कापलेलं सफरचंद तपकिरी पडतं तशीच ही प्रक्रिया. फळातलं विकर आणि हवेतला प्राणवायू यांची गाठ पडली की ती सुरू होते.

तापवता येत नाही, सुकवता येत नाही, अख्खं गारही ठेवता येत नाही. उरलं काय? गर काढा आणि लगेच गोठवा. हंगामात गर काढायच्या शेडमध्ये सकाळी लवकर गेलं तर कामाचा वेग बघण्यासारखा असतो. फळ हाताने फोडायचं, चमच्याने गर काढायचा, सालीलगतचा कणीदार थर जास्त खरवडायचा नाही, बिया वेगळ्या करायच्या. मोठ्या ठिकाणी बिया काढायला यंत्र असतं, पण बी फुटता कामा नये ही अट दोन्हीकडे सारखीच. सीताफळाचं बी विषारी असतं. त्याची पूड उवा मारायला वापरत आणि ती डोळ्यांत गेली तर डोळ्याला इजा होते. म्हणून बियांसकट गर मिक्सरमधून फिरवण्याचा आळशी उपाय कोणी सुचवला तर ऐकू नका. वेगळा केलेला गर पिशव्यांत भरून, पिशव्या चपट्या दाबून ब्लास्ट फ्रीझरमध्ये जातात. फळ फोडल्यापासून तिथपर्यंत किती मिनिटं गेली, यावर पुढचे आठ-दहा महिने अवलंबून असतात.

१९८४ साली रघुनंदन कामत यांनी जुहूला आइस्क्रीमचं दुकान काढलं, त्याचं पुढे नॅचरल्स झालं. मुंबईला सीताफळ आइस्क्रीमची चटक लागली त्यात त्या दुकानाचा मोठा वाटा आहे. चटक बारमाही आणि फळ चार महिन्यांचं, हे गणित गोठवलेल्या गराशिवाय सुटतच नाही. पुरंदर, बीड, बार्शी या भागांत सीताफळाच्या लागवडीला जी उमेद आली, तिच्यामागे ही मागणीही आहे. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा त्याचं कौतुक बरंच झालं. पण पावसाच्या झडीत एकाच आठवड्यात सगळ्या बागांचे डोळे उघडले, तर मानांकनाचा कागद फळ टिकवत नाही. तिथे गर काढणारे हात लागतात आणि वीज लागते.

आता बर्फाविषयी थोडं. कंटाळा करू नका, कारण घरचा आमरस का बिघडतो त्याचं उत्तर इथेच आहे.

फळ म्हणजे मुख्यतः पाणी. स्ट्रॉबेरीत शंभरातले नव्वद भाग पाणी, आंब्यात ऐंशीच्या वर. एक ग्रॅम पाणी तीस अंशांवरून शून्यावर आणायला तीस कॅलरी उष्णता काढून घ्यावी लागते. त्या शून्य अंशाच्या पाण्याचा शून्य अंशाचाच बर्फ करायला आणखी ऐंशी. म्हणजे खरी मेहनत गार करण्यात नसते, ती या एका उंबरठ्यावर असते. फळातल्या साखरेमुळे हा उंबरठा शून्याच्या थोडा खाली सरकतो. साधारण उणे एक ते उणे पाच अंशांच्या पट्ट्यात बहुतेक पाण्याचा बर्फ होतो. फळ हा पट्टा झपाट्याने ओलांडून गेलं तर बर्फाचे असंख्य बारीक स्फटिक तयार होतात आणि पेशी बऱ्याच अंशी शाबूत राहतात. रेंगाळत गेलं तर थोडेच, पण मोठे आणि धारदार स्फटिक वाढतात. पाणी गोठताना नऊ टक्के फुगतं ते वेगळंच. पेशींच्या भिंती फाटतात, आणि फळ वितळलं की आतलं पाणी बाहेर येऊन ताटलीत साचतं. त्या पाण्याबरोबर रंग जातो, गोडी जाते आणि विरघळणारी जीवनसत्त्वंही जातात.

घरचा फ्रीझर अन्न गोठलेलं ठेवण्यासाठी बनवलेला असतो, झटपट गोठवण्यासाठी नाही. हे मी पैसे मोजून शिकलो. भारनियमनाच्या दिवसांतली गोष्ट. पाच डझन हापूसचा रस काढून मी एका मोठ्या डब्यात भरला आणि डबा फ्रीझरमध्ये सरकवला. कडेचा रस रात्रीत घट्ट झाला. मधला दुसऱ्या दिवशी संध्याकाळीही पळीला चिकटत होता. त्यात रोज काही तास वीज नाही. दसऱ्याला मोठ्या ऐटीत डबा काढला. वर बर्फाचे पापुद्रे, खाली साखरेचा चिकट पाक आणि सगळ्याला मिळून ताडीचा वास. पाच डझन. हिशेब इथे मांडत नाही, बायको हे पुस्तक वाचणार आहे. तोच रस अर्ध्या-अर्ध्या किलोच्या पिशव्यांत चपटा भरून, स्टीलच्या ताटावर एकेक पसरून गोठवला असता, तर निदान मधला रस दोन दिवस ताटकळला नसता.

वेगाचं हे गुपित जगाला कळलं ते अमेरिकेच्या क्लॅरेन्स बर्ड्‌सायमुळे, असं बहुतेक पुस्तकांत छापलेलं असतं. बर्ड्‌साय १९१२ नंतर काही वर्षं कॅनडाच्या लॅब्राडॉर भागात फरचा व्यापार करत होता. उणे चाळीसच्या वाऱ्यात पाण्याबाहेर काढलेला मासा जागच्या जागी गोठतो आणि महिन्यांनी वितळवला तरी ताज्यासारखा लागतो, हे त्याने तिथल्या इन्युइट लोकांकडे पाहिलं. यंत्र त्याचं, पण ज्ञान त्यांचं. १९२९ मध्ये त्याची कंपनी आणि पेटंटं दोन कोटी वीस लाख डॉलरना विकली गेली, आणि ६ मार्च १९३० रोजी मॅसॅच्युसेट्‌समधल्या स्प्रिंगफील्ड शहरातल्या काही दुकानांत गोठवलेलं मांस, मासे, मटार, पालक आणि फळं पहिल्यांदा विक्रीला मांडली गेली. पुढे १९६० च्या दशकात स्वीडनमध्ये हवेवर तरंगत गोठवण्याची युक्ती निघाली. सच्छिद्र पट्ट्याखालून अतिथंड हवा इतक्या जोराने सोडायची की दाणे लाह्यांसारखे नाचत राहतात आणि एकमेकांना चिकटायच्या आत सुटे सुटे गोठतात. कारखान्यात याला आयक्यूएफ म्हणतात. पाकिटातून डाळिंबाचे हवे तेवढेच दाणे काढून बाकीचे परत ठेवता येतात, ते या युक्तीमुळे.

उणे अठराचा आकडा मात्र कुठल्याही देवाने सांगितलेला नाही. फॅरनहाइट मोजपट्टीवर तो शून्य येतो, आणि अमेरिकेत शून्य हा सोयीचा आकडा होता. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियातल्या ऑल्बनी इथल्या सरकारी प्रयोगशाळेत वेगवेगळी गोठवलेली अन्नं वेगवेगळ्या तापमानांना किती दिवस टिकतात, याचे वर्षानुवर्षं प्रयोग झाले आणि हा आकडा पक्का होत गेला. त्यातून निघालेली महत्त्वाची गोष्ट अशी की बिघाड आणि वेळ यांचं नातं तापमानाशी बांधलेलं आहे. पाकिटावरची 'अमुक महिने उत्तम' ही ओळ उणे अठरावरच खरी असते. उणे दहावर ती ओळ खोटी ठरते, मग छापणारा कितीही मोठा असो.

शिळं आणि ताजं हे शब्द आपण तासांत मोजतो. सकाळची पोळी रात्री शिळी. फळाच्या बाबतीत तासांचा हा हिशेब चुकतो. महाबळेश्वरला पहाटे खुडलेली स्ट्रॉबेरी पनेटमध्ये भरून ट्रकने नागपूरला पोचते, हातगाडीवर दिवसभर उन्हात राहते आणि तिसऱ्या दिवशी घरात येते. तिला आपण ताजी म्हणतो. तिच्याच शेजारच्या वाफ्यातली, खुडल्याच्या दिवशीच गोठवलेली स्ट्रॉबेरी आपल्या लेखी शिळी. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी २०१५ साली स्ट्रॉबेरी, ब्ल्यूबेरी आणि सहा भाज्या घेऊन ताज्या व गोठवलेल्या मालातली जीवनसत्त्वं तपासली. आठांपैकी पाचांत 'क' जीवनसत्त्वाचा लक्षणीय फरक नव्हता, आणि उरलेल्या तिघांत ते गोठवलेल्यात जास्त निघालं. याच अभ्यासात काही भाज्यांमधलं बीटा-कॅरोटीन गोठवलेल्या मालात चांगलंच कमी भरलं होतं, हेही सांगायला हवं. पाकिटांच्या जाहिरातींत हा उत्तरार्ध गाळलेला असतो. एकंदरीत पोषणाच्या बाबतीत गोठवलेलं फळ ताज्याच्या बरोबरीने उभं राहतं, आणि ते ताजं जर तीन दिवस फिरून आलेलं असेल तर कधी कधी पुढेही जातं. पण साखर जशीच्या तशी राहते. मधुमेह असलेल्यांनी आमरस गोठवून खाल्ला म्हणून तो पथ्याचा होत नाही.

पोत मात्र जातो. इथे मी कुणाची बाजू घेणार नाही. वितळलेली स्ट्रॉबेरी म्हणजे ओली चिंधी; ती कापून सजावटीला लावणाऱ्याची मला दया येते. कलिंगड गोठवूच नये. सालीसकट गोठवलेलं केळं सोलताना माणूस स्वतःचाच राग राग करतो. उलट डाळिंबाचे दाणे, जांभळाचा गर, सीताफळाचा गर, हापूसच्या फोडी यांचं फारसं बिघडत नाही, कारण हे आपण बहुधा दुधात, दह्यात, रसात खातो. द्राक्षं तर गोठल्यावर वेगळीच मजा देतात. भर उन्हाळ्यात फ्रीझरमधून काढून तशीच तोंडात टाकावीत. लहान मुलांना मात्र अख्खी देऊ नका, घशात अडकतात.

या पुस्तकासाठी फिरताना मला सगळ्यांत जास्त खटकली ती गोष्ट वेगळीच आहे, आणि तिचा ना बर्फाशी संबंध आहे ना जीवनसत्त्वांशी. आपल्याकडे गोठवायला बहुतेकदा उरलेला माल जातो. महाबळेश्वर-पाचगणी भागात देशातली बहुतांश स्ट्रॉबेरी पिकते. नोव्हेंबर-डिसेंबरचं पहिलं फळ पनेटमधून मुंबई-पुण्याला जातं आणि भाव खातं. मार्चनंतर ऊन वाढतं, फळ लहान आणि मऊ येतं, भाव पडतो. मग देठ काढून ते क्रेटमधून जॅमसाठी आणि गोठवण्यासाठी जातं. शेतकऱ्याला हा आधार मोठा आहे. पण एप्रिलच्या दमलेल्या फळाची डिसेंबरच्या फळाशी तुलना करून 'फ्रोझनला चव नसते' असा निकाल द्यायचा, हा काही न्याय झाला नाही. गोठवणारं यंत्र फळ जसं आहे तसं थांबवतं. आत घालताना बेचव असेल तर बाहेर येताना ते बेचवच असणार.

जगात याच्या उलट उदाहरणं आहेत. अमेरिकेच्या मेन राज्यातली रानटी ब्ल्यूबेरी जवळजवळ सगळी गोठवलीच जाते. ताजी विकणं हा तिथे अपवाद. पश्चिम सर्बियातल्या अरिल्ये गावाच्या आसपासच्या टेकड्यांवर रासबेरी लावतात तीच मुळी गोठवून युरोपात पाठवण्यासाठी. जात निवडतात ती गोठवल्यावर तग धरणारी, आणि शीतगृहं मळ्यांजवळ असतात. ब्राझीलच्या पारा प्रांतातली असाई ही बेरी तर खुडल्यावर दिवसभरात खराब व्हायला लागते. ती जगाला माहीत झाली ती गोठलेल्या गराच्या रूपातच, आणि बेलेम शहरातली माणसं जी असाई माशाबरोबर आणि कसाव्याच्या पिठाबरोबर जेवतात, तिचं परदेशात गेल्यावर पूर्ण गोडाचं खाणं होऊन बसलं. या सगळ्या ठिकाणी गोठवणं हे पहिल्यापासून ठरलेलं असतं. आपल्याकडे असा विचार फक्त सीताफळाबाबत सुरू झालेला दिसतो.

डाळिंबाबाबत तो व्हायला हवा. तेल्या रोगाचे काळे डाग सालीवर पडले की बाजारात त्या डाळिंबाला कोणी विचारत नाही, आणि आतले दाणे मात्र पुष्कळदा लालबुंद, निर्दोष असतात. ग्राहकाला साल बघायचीच नसेल तर डाग कुणाला दिसणार? हापूसचं याच्या बरोबर उलटं आहे. वरून देखणा, कापल्यावर आत पांढरट आंबट साका. पेटी घेणाऱ्याच्या नशिबात तो असतोच. फोडी करून गोठवणारा मात्र फळ कापतोच कापतो, त्यामुळे साका त्याला दिसतो आणि प्रामाणिक असेल तर तो फळ बाजूला काढतो. पेरूचंही सांगतो. २०१५ साली लुधियानाच्या सिफेट या संस्थेने देशभरातल्या काढणीनंतरच्या नासाडीचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात पेरूची नासाडी १५.८८ टक्के भरली होती, तपासलेल्या फळांत सगळ्यांत जास्त. सहा पेरूंमागे जवळजवळ एक.

धोक्याविषयी मी एक पूर्ण प्रकरण लिहिलं आहे, कारण लोकांचा एक गोड गैरसमज आहे की थंडीने जंतू मरतात. मरत नाहीत, झोपतात. २०१२ साली जर्मनीच्या पूर्व भागात शाळा आणि बालवाड्यांमधली सुमारे अकरा हजार मुलं नोरोव्हायरसने आजारी पडली. कारण निघालं चीनहून आलेली गोठवलेली स्ट्रॉबेरी. भाजी शिजते, फळ कच्चंच खाल्लं जातं, म्हणून गोठवायच्या आधी ते कुठल्या पाण्याने धुतलं आणि कुणाच्या हातांनी सोललं हा प्रश्न फळात जास्त टोकदार होतो. शेडमध्ये गेल्यावर मी आधी हात धुवायची जागा कुठे आहे ते बघतो, फ्रीझर नंतर.

मागणी वाढते आहे हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. दहा मिनिटांत सामान आणून देणारी ॲप उघडून बघा: पाच-सहा वर्षांपूर्वी जिथे फक्त मटार आणि मका होता, तिथे आता मिश्र बेरी, आंब्याच्या फोडी, सीताफळाचा गर, जांभूळ, ओलं खोबरंसुद्धा दिसतं. टाळेबंदीत लोकांनी पहिल्यांदा फ्रीझर नीट भरला आणि ती सवय पुरती गेली नाही. व्यायामशाळेतून येणारी मुलं सकाळी स्मूदी करतात. त्यांना बर्फही लागतो आणि फळही, मग गोठलेलं फळ दोन्ही कामं करतं. एकट्या राहणाऱ्यांना अख्खं कलिंगड किंवा डझनभर केळी जड जातात. परदेशातल्या मराठी घरांची गोष्ट आणखी जुनी. भारतीय आंब्याला अमेरिकेचं दार १९८९ पासून बंद होतं. लासलगावच्या केंद्रात विकिरण करून पहिल्या पेट्या गेल्या त्या २००७ च्या एप्रिलमध्ये. मधली अठरा वर्षं तिकडच्या पाडव्याला पुरीबरोबर वाटीत आला तो डब्यातला नाहीतर गोठवलेला रस. माझ्या पिढीतले तिकडे गेलेले मित्र अजूनही त्या चवीलाच आंबा म्हणतात, आणि सुट्टीत इकडे येऊन अढीतला हापूस खाताना जरा गोंधळतात.

पुस्तकाची रचना फार शिस्तीची नाही. सीताफळाला तीन प्रकरणं दिली आहेत आणि सफरचंदाला तीन पानं; ज्याची अडचण मोठी त्याला जागा जास्त. घरच्या घरी गोठवण्याचं प्रकरण मुद्दाम बारकाईने लिहिलं आहे: फळ धुऊन खडखडीत कोरडं का करायचं, धातूचंच ताट का घ्यायचं, पिशवीतली हवा कशी काढायची, वितळलेलं परत का गोठवायचं नाही. पाकीट विकत घेताना काय बघायचं तेही त्यातच आहे. आतले दाणे सुटे खुळखुळले तर ठीक. एकच ढेकूळ हाताला लागलं आणि आतून बर्फाचा चुरा दिसला, तर तो माल वाटेत कुठेतरी एकदा वितळून पुन्हा गोठलेला आहे. ते पाकीट परत ठेवा. मागे घटकांच्या यादीत फळाआधी साखर लिहिलेली दिसली तर ते फळ नाही, मिठाई आहे.

वाचायला सुरुवात करण्याआधी एक विनंती. फ्रीझरमध्ये ठेवायचा साधा थर्मामीटर मिळतो, तेवढा आणा. तो फळांच्या पिशव्यांच्या मधोमध ठेवा, दाराजवळ नको, आणि दिवसातून तीन वेळा वाचून आकडे कागदावर लिहून ठेवा: सकाळी, भर दुपारी, आणि रात्री घरातली सगळी पाण्यासाठी फ्रीज उघडून झाल्यावर. पुढच्या प्रकरणांत जिथे 'आठ महिने' किंवा 'तीन महिने' असं लिहिलं आहे, तिथे हा कागद शेजारी धरावा लागेल. मी पहिल्यांदा तो लावला तेव्हा एप्रिलची दुपार होती आणि फ्रीजवरचा दिवा उणे अठरा दाखवत होता. आत काटा उणे अकरावर होता.